करवंटीतला साबण

आमच्या राजापूरकडच्या घराचे न्हाणीघर मागच्या पडवीला चिकटून होते. चिऱ्याच्या भिंती, वर नळे, खाली घासून गुळगुळीत झालेली धोंड, कोपऱ्यात चुलाण आणि त्यावर बाहेरून काळाठिक्कर पडलेला तांब्याचा हंडा. भिंतीतल्या कोनाड्यात नारळाची एक करवंटी असे, डोळ्यांच्या बाजूची. तिचा मऊ डोळा आजोबांनी टोचून मोकळा केला होता. त्यातून पाणी निथळून जाई आणि आषाढातसुद्धा आतली साबणाची वडी लिबलिबीत होत नसे.

आजी त्या करवंटीला हात लावत नसे. तिची अंघोळीची वेळ झाली की आईला सांगे, "तो साबण पलीकडे घे गो." का, असे मी एकदा विचारले तर म्हणाली, "चरबीचा असतो तो." त्यापुढे तिने कधी काही समजावले नाही. तिचे स्वतःचे सामान वेगळे होते. डोक्याला रिठा आणि शिकेकाई, अंगाला डाळीचे पीठ, टाचांना वज्री. दिवाळीत उटणे आणि त्याआधी रगडून लावलेले तेल. भांड्यांना राख. राखेतही तिची निवड असे. सोडणाची राख तेलकट भांड्यांना, शेणीची राख दातांना. सोडण म्हणजे नारळ सोलल्यावर उरतो तो काथ्याचा पसारा. त्याची राख हाताला झोंबते, बोटांची सालटी निघतात, पण पितळ असे उजळते की काय सांगावे.

हे सगळे मी विसरले नव्हते, पण त्याचा विचार करायचे काही कारणही पडले नव्हते. ते पडले मागच्या वर्षी, जर्मनीत, माझ्या धाकट्या भावाच्या घरी.

तो वीसबाडेनला राहतो. फ्रँकफर्टच्या पश्चिमेला, ऱ्हाइन नदीच्या उजव्या काठाला हे शहर आहे. त्याची मुलगी सात वर्षांची, आणि आत्याला जर्मन येत नाही ही गोष्ट तिने फार मनावर घेतली होती. रोज संध्याकाळी ती माझा हात धरून घरभर फिरवायची आणि वस्तूंची नावे म्हणून घ्यायची. दार, खिडकी, चमचा, उशी. एके दिवशी आमची शाळा न्हाणीघरात भरली. तिने साबण हातात घेतला आणि म्हणाली, "झाइफ." शेवटी जरासा अ. मी म्हटले, "झाइफ." मग तिने मला विचारले, "आणि आपल्यात?" मी म्हटले, "साबण." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सारखं नाहीये."

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले. शब्दांची कुळे शोधायचा नाद मला तिथे लागला. म्हणून तिचे ते "सारखं नाहीये" माझ्या मनात अडकून बसले. कारण मला पुसटसे आठवत होते की ते सारखे आहे. त्या रात्री भावाच्या टेबलावर बसून मी धागा धरला आणि मग पुढचे तीन आठवडे तो सोडलाच नाही.

जर्मन आणि इंग्रजी या सख्ख्या बहिणी. त्यांच्यातला फरक मन मानेल तसा पडलेला नाही, त्याला नियम आहेत. इंग्रजीत जिथे 'ओ' ऐकू येतो तिथे जर्मनमध्ये पुष्कळदा 'आइ' असतो. स्टोन म्हणजे श्टाइन. होम म्हणजे हाइम. बोन म्हणजे बाइन, फक्त जर्मनमध्ये आता त्याचा अर्थ पाय. आणि इंग्रजीत जिथे शब्दाच्या पोटात किंवा शेवटी 'प' असतो तिथे जर्मनमध्ये 'फ' येतो. शिपचे शिफ, डीपचे टीफ, ओपनचे ओफन, स्लीपचे श्लाफन. हे दोन नियम एकत्र लावले की सोपचे झाइफ होते, अगदी बेरीज जमावी तसे. दोघींच्या मागची आई कशी बोलत असेल ते भाषापंडितांनी या लेकींवरून मांडले आहे: 'साइपो'. जुन्या इंग्रजीत त्याचे सापे झाले, पुढे सोप. डच लोक झेप म्हणतात. स्वीडिश भाषेत सोपा म्हणजे पातळ साबण, आणि वडीसाठी त्यांनी धुण्याच्या क्रियापदापासून वेगळाच शब्द ठेवला आहे, त्वोल.

या 'साइपो'चा मूळ अर्थ धुण्याचा नाही. तो थेंब थेंब गळण्याचा, झिरपण्याचा आहे. इंग्रजीतले झिरपण्याचे क्रियापद 'सीप' याच घरचे. जुन्या इंग्रजीत राळेसाठी आणि लेपासाठीही याच कुळातला एक शब्द सापडतो. म्हणजे ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या डोळ्यांपुढे घट्ट वडी नव्हतीच. झाडातून डिंक ओघळावा तसे काहीतरी चिकट, निथळणारे होते.

आणि ते अंगाला लावायचे नव्हते. ते केसांना लावायचे होते.

हे आपल्याला प्लिनीमुळे कळते. थोरला प्लिनी हा रोमन अधिकारी. तरुणपणी तो ऱ्हाइनच्या सरहद्दीवर घोडदळात होता. पुढे त्याने निसर्गाविषयी जे जे ऐकले, पाहिले, वाचले ते एका प्रचंड ग्रंथात लिहून काढले आणि इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो गेला. त्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या भागात, प्राण्यांपासून मिळणाऱ्या औषधांची जंत्री चालू असताना, गळ्याच्या गाठींवरच्या उपायांमध्ये एक वाक्य येते. सापो नावाचा पदार्थही गुणकारी आहे, तो गॉल लोकांनी, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या रहिवाशांनी, केस लाल करण्यासाठी शोधला, तो चरबी आणि राख यांपासून करतात, सर्वांत चांगला बीच नावाच्या झाडाच्या राखेचा आणि बकऱ्याच्या चरबीचा, तो घट्ट आणि पातळ असा दोन तऱ्हांचा असतो, आणि जर्मन लोकांमध्ये तो बायकांपेक्षा पुरुष जास्त वापरतात.

लॅटिन वाङ्मयात हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो असा. प्लिनी शोधाचे श्रेय गॉलांना देतो, पण शब्द जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या त्या आईच्या घरचा, आहे याकडेच बहुतेक भाषापंडितांचा कल आहे. सरहद्दीवर दोघेही शेजारी होते, वस्तू एकाची आणि नाव दुसऱ्याचे असे सहज होते. मला त्या वाक्यात सर्वांत जास्त भावते ते राखेबद्दलचे. कुठल्या झाडाची राख चांगली हे त्याने लिहून ठेवले. म्हणजे त्याला कोणीतरी सांगितले असणार. ऱ्हाइनकाठच्या एखाद्या लाकडी घराबाहेर, हाताला झोंबणारी राख चाळणाऱ्या कोणा बाईने किंवा पुरुषाने. "ओकची नको, बीचची घ्या," असे काहीतरी. सोडणाची राख वेगळी ठेवणारी माझी आजी त्या माणसाशी तासभर बोलली असती.

वीसबाडेनच्या डोक्यावर नेरोबेर्ग नावाची टेकडी आहे. तिथे पाण्याच्या वजनावर चालणारी, १८८८ सालापासूनची छोटी रेल्वे वर नेते, आणि वर पोचले की टाउनुसचे जंगल सुरू होते. त्या जंगलात बीच पुष्कळ. राखाडी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखे बुंधे. जर्मनमध्ये या झाडाला बूख म्हणतात, शेवटी पुन्हा तो जरासा अ, आणि पुस्तकालाही बूख. पुस्तकाचे नाव या झाडावरून पडले असे बहुतेक जण मानतात. त्या बुंध्यावर हात ठेवून उभी असताना मला प्लिनीचे वाक्य आठवले आणि ते दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटेना.

याच वीसबाडेनला रोमन लोक माट्टियाकांची गरम पाण्याची जागा म्हणत. माट्टियाकी ही इथली जर्मानिक जमात. प्लिनीने त्यांच्या झऱ्यांचीही नोंद केली आहे: पाणी काढून ठेवले तरी तीन दिवस गरम राहते आणि काठाला दगडासारखा थर जमतो. तीन दिवसांचे मला माहीत नाही, पण थर मी पाहिला. शहराच्या मध्यावर कोखब्रुन्नन नावाचा झरा आहे. साधारण ६६ अंशांचे खारट पाणी वाफाळत बाहेर येते आणि ज्या दगडावरून वाहते त्यावर तांबूस पिवळे कवच चढत जाते. लहानपणी आजी आम्हाला राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायची. वीसबाडेनच्या त्या चौकात डोळे मिटले तर फक्त वास वेगळा होता, वाफ तीच.

आणि मार्शियल नावाचा रोमन कवी, प्लिनीनंतर थोड्याच वर्षांनी, केस पांढरे झालेल्या माणसाला भेट म्हणून काय द्यावे ते सांगतो: माट्टियाकांचे गोळे. केसांना लावायचे, रंग बदलणारे गोळे. दुसरीकडे तो बाटावियाच्या फेसाचा उल्लेख करतो. बाटावी म्हणजे ऱ्हाइनच्या मुखाशी, आजच्या नेदरलँड्समध्ये राहणारे लोक. माझी भाची रोज शाळेला ज्या गावातून जाते त्या गावचे नाव एके काळी रोममध्ये केसांच्या लेपासाठी माहीत होते, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "गुलाबी पण करता यायचे?"

लाल केसांचे रोमन लोकांना एवढे वेड का, याचे उत्तर त्यांच्या भीतीत आहे. त्यांच्या लेखी जर्मन म्हणजे तांबड्या केसांचे, निळ्या डोळ्यांचे, अंगापिंडाने दांडगे. ज्यांच्याशी लढायचे त्यांचेच केस मग रोममधल्या श्रीमंत बायकांच्या टोपात जाऊन बसले. कॅलिगुला बादशहाची गोष्ट तर फारच विलक्षण आहे. जर्मनांवर विजय मिळवल्याची मिरवणूक काढायची होती आणि हाताशी जर्मन बंदी पुरेसे नव्हते. तेव्हा त्याने गॉलमधली उंच उंच माणसे निवडली, त्यांना केस वाढवायला लावले, ते लाल करायला लावले, जर्मन भाषा शिकायला लावली आणि जर्मन नावे घ्यायला लावली. चरित्रकार स्युटोनियसने केस लाल करण्यासाठी तेच क्रियापद वापरले आहे जे प्लिनीने सापोसाठी वापरले. मला त्या माणसांचे वाईट वाटते. आपल्याच शेजाऱ्यांच्या रंगात केस बुडवून, त्यांचे शब्द घोकत, ते बादशहाच्या रथामागे चालण्याची तयारी करत होते. त्या घोकलेल्या शब्दांत हा शब्दही असेल का, हे माझ्या मनातून जात नाही.

रोमन लोक स्वतः अंग कशाने धूत? तेलाने. अंगभर तेल चोळायचे, मग धातूच्या वाकड्या पट्टीने ते मळासकट खरवडून काढायचे. कपड्यांसाठी साठवून आंबवलेले मूत्र आणि मुलतानीसारखी माती. एवढी स्नानगृहे, एवढे कालवे, आणि साबण नाही. साबण जंगलातला, आणि तोही नटण्यासाठी. पुढच्या शतकांत वैद्यांनी त्याचा धुण्याचा गुण ओळखला आणि हळूहळू सापो केसांवरून अंगावर आणि कपड्यांवर उतरला.

इथे मला एका गोष्टीचा राग सांगायचा आहे. भावाच्या घरी भेट आलेल्या एका महागड्या साबणाच्या खोक्यात छोटी घडीपत्रिका होती. तीत लिहिले होते की रोमजवळ सापो नावाचा डोंगर होता, तिथे देवांना पशू बळी देत, चरबी आणि राख पावसाने टायबर नदीत वाहून जाई, खाली कपडे धुणाऱ्या बायकांना तिथली माती लावली की कपडे स्वच्छ निघतात असे दिसले आणि साबणाला डोंगराचे नाव पडले. ही कथा अनेक ठिकाणी छापलेली आहे. असा डोंगर कुठल्याही प्राचीन रोमन लिखाणात नाही. शिवाय बळीतला खाण्याजोगा भाग माणसे खात, चरबीचे ओहोळ वाहतील एवढी ती उरतच नसे. कथा गोड आहे हे मला मान्य आहे. पण तिच्यामुळे ज्यांनी ही वस्तू घडवली, तिला नाव दिले, कुठल्या झाडाची राख घ्यावी हे पिढ्यान्‌पिढ्या ध्यानात ठेवले, ती माणसे पुसली जातात. त्यांच्याकडे लिहिण्याची रीत नव्हतीच म्हणावी लागेल. त्यांचा हा एक शब्द दुसऱ्यांच्या वहीत उरला, तर तोही डोंगराच्या नावे करायचा?

शब्द मात्र चालत राहिला. उत्तरेला तो फिनलंडात गेला आणि तिथे साइप्पुआ झाला. फिनिश भाषा वेगळ्याच कुळातली, पण उसने घेतलेले शब्द ती जपून ठेवते. जर्मनने आणि इंग्रजीने पुढे आपापले उच्चार बदलले, फिनिशमध्ये तो जुना 'आइ' आणि तो जुना 'प' दोन्ही अजून एकत्र ऐकू येतात. दक्षिणेला लॅटिनच्या सापोपासून इटालियन सापोने, फ्रेंच साव्हों, स्पॅनिश हाबोन, पोर्तुगीज साबाँव. हंगेरीत साप्पान. ग्रीकमध्ये सापोन. आणि पूर्वेकडून, भूमध्य समुद्राच्या काठाने, अरबीत साबून.

अरबांच्या हाती हा शब्द पडला तेव्हा वस्तूच बदलली. सिरियातल्या अलेप्पोला आणि पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसला ऑलिव्हचे तेल मुबलक. बकऱ्याच्या चरबीची गरज उरली नाही. राखेचा क्षार, चुना आणि ऑलिव्हचे तेल शिजवून घट्ट, पांढुरक्या, हिरवट वड्या तयार झाल्या, अलेप्पोत त्यात लॉरेलच्या फळांचे तेलही पडू लागले. ज्या राखेतून हा क्षार काढत तिला अरबीत अल-कली म्हणत, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत जो अल्कली शब्द आहे तो तिथला. म्हणजे साबणाच्या दोन घटकांपैकी एकाचे नाव अरबी राखेचे आणि तयार वस्तूचे नाव जर्मानिक गळण्याचे. या साबूनच्या मागोमाग फारसी, तुर्की, मलाय, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीतले साबुनी. जपानमध्ये आयबेरियाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या, खलाशांनी शाबोन पोचवला. आज तिथे रोजचा शब्द वेगळा आहे, पण मुले साबणाचे फुगे उडवतात त्यांना अजून शाबोन-दामा म्हणतात.

आपला साबण यांतल्या कुठल्या वाटेने आला? दोन वाटा समोर दिसतात. एक दख्खनच्या सुलतानांच्या काळची, फारसी-अरबी साबूनची. दुसरी १५१० नंतरची, गोव्यातून वर आलेली पोर्तुगीज साबाँवची. न्हाणीघराकडे पाहिले तर पोर्तुगीजांचे पारडे जड वाटते, कारण बालदी त्यांचीच. चावी, पगार, लिलाव, बटाटा, पाव ही त्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर ठेवलेली पुंजी. पण कान वेगळे सांगतो. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटचा तो नाकातला 'आँव' आपण कसा घेतला? पाँवचा पाव केला, लेलाँवचा लिलाव केला. त्या चालीने साबाँवचा साबाव व्हायला हवा होता. आपण तर ठसठशीत 'ण' म्हणतो, त्यामुळे मला साबूनचा हात जास्त दिसतो. मात्र साबूनमधला 'बू' आपल्याकडे 'ब' का झाला? कारकूनचा कारकण कोणी केला नाही. तिथे पुन्हा साबाँवमधला 'बा' कानाशी येतो. माझा कौल असा की आधी आलेल्या शब्दाला नंतर आलेल्या भावंडाने थोडे वळवले. दोघेही एकाच सापोची नातवंडे, किनाऱ्यावर एकमेकांना ओळखले असेल.

आणि तरीही, शब्द येण्याआधी आपल्याकडे काय होते हा प्रश्न मला आजीकडे परत नेतो. वात्स्यायन नागरकाची, म्हणजे शहरी रसिकाची, दिनचर्या सांगताना म्हणतो: रोज स्नान, दिवसाआड उत्सादन म्हणजे अंग चोळणे, तिसऱ्या दिवशी फेनक. फेस काढणारे ते फेनक. रिठ्यालाही संस्कृतात फेनिल म्हणतात. आणि सुश्रुताने क्षार करण्याची जी कृती दिली आहे ती वाचताना मी थक्क झाले. मुष्कक वृक्षाचे लाकूड जाळून राख करायची, ती पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळायची, मग शंखशिंपले लाल तापवून त्यात विझवायचे आणि आटवायचे. क्षार किती तिखट हवा त्याप्रमाणे मृदू, मध्यम, तीक्ष्ण. तयार झाला की लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायचा. राखेचा क्षार आणि भाजलेल्या शिंपल्यांचा चुना एकत्र आले की दाहक क्षार होतो. अलेप्पोचे साबणवाले कढईत तेल ओतण्याआधी हेच करत. सुश्रुत त्याने मूळव्याध आणि चामखीळ जाळतो. तेलाचे घडे तिथेच शेजारी असणार. अभ्यंगाचा देश हा. दोन्ही गोष्टी हाताशी होत्या आणि आपण त्या वेगळ्या ठेवल्या, एक वैद्याच्या पेटीत आणि एक न्हाणीघरात.

पण खरेच वेगळ्या ठेवल्या का? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चरबीचे आणि साबणाचे कोडे उलगडले. तेल किंवा चरबी म्हणजे ग्लिसरिन आणि स्निग्ध आम्ले यांची जोडणी. क्षार ती जोडणी सोडवतो, आम्लांशी स्वतः जोडला जातो आणि जे तयार होते तो साबण. आता तळणीच्या कढईकडे पाहा. वापरलेल्या, पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात ही आम्ले थोडी आधीच सुटी झालेली असतात. आजी त्या कढईत सोडणाची राख टाकायची, ऊन पाणी ओतायची आणि काथ्याच्या चोथ्याने गोल गोल घासायची. राखेतला क्षार तेलातल्या आम्लाला भेटायचा. कढईच्या कडेला जो राखाडी, बारीक, निसरडा फेस येई, तो मला आता लख्ख आठवतो. त्यात अगदी थोडा, चिमूटभर, पण खराखुरा साबण होता. जी बाई करवंटीला शिवत नसे ती रोज दुपारी, जेवणे झाली की, मागच्या पडवीत बसून साबण करत होती. ऱ्हाइनकाठच्या त्या माणसांनी केला तसाच, राख आणि स्निग्ध पदार्थ यांचा. तिच्याकडे त्याला नाव नव्हते, एवढेच.

रिठ्याची गोष्टही अशीच फिरून येते. वनस्पतिशास्त्राने त्या झाडाच्या कुळाला सॅपिंडस म्हटले. सापो आणि इंडिकस या दोन शब्दांचा हा जोड, म्हणजे इंडियन साबण. या कुळातली झाडे अमेरिकेतही आहेत आणि युरोपियन लोक तिकडच्या रहिवाशांनाही इंडियनच म्हणत. रिठ्यातला जो पदार्थ फेस काढतो त्याला सॅपोनिन म्हणतात. आजीच्या डब्यातल्या त्या सुरकुतलेल्या, तपकिरी फळांवरही तो सापो जाऊन बसला आहे.

तिची चरबीची शंका मात्र निराधार नव्हती. विलायती साबणात जनावरांची चरबी असे, आणि कुठल्या जनावराची ते विचारण्याची सोय नव्हती. हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतून त्यामुळे साबण कित्येक वर्षे उंबऱ्याबाहेर राहिला. कुलपे बनवणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत, १९१८ च्या सुमारास, नुसत्या वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला तो हीच अडचण ओळखून. त्या साबणाचे नाव त्यांनी ठेवले होते चावी. धुण्याच्या वडीवर पोर्तुगीजांनी आणलेले नाव. माझ्या आजीचा जन्मही साधारण त्याच सुमाराचा. पण मुंबईहून राजापूरला साबण पोचला तरी तो कशाचा आहे ही खात्री त्याच्याबरोबर पोचत नाही. ती माणसाने माणसाला द्यावी लागते.

आजी शेवटी सहा महिने अंथरुणाला खिळून होती. मांडीचे हाड मोडले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला रोज पुसून काढायला हवे होते आणि डाळीच्या पिठाने ते होईना, पीठ घड्यांत अडकून राही. डॉक्टरांनी साबण वापरा म्हणून सांगितले. आईची सांगायची हिंमत होत नव्हती. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, सुट्टीत घरी आले होते. मी नवी वडी आणली आणि कागदासकट तिच्या हातात दिली. तिने वास घेतला. मग कागद माझ्याकडे परत करून म्हणाली, "कशाचा आहे ते वाच."

मी वाचले. वनस्पती तेल, असे लिहिले होते.

"कसले तेल?"

"नारळाचे असेल," मी म्हटले. कागदावर तेवढे लिहिलेले नव्हते.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग हात पुढे केला, तळवा वर करून, तीर्थ घेताना करतात तसा. मी वडी ओली करून तिच्या तळव्यावर फिरवली. फेस आला. तिने दुसऱ्या हाताच्या बोटांनी तो चाचपला, बोटे एकमेकांवर घासली आणि म्हणाली, "कढईत येतो तसा आहे."

त्या वेळी मला ते म्हाताऱ्या माणसाचे काहीतरी बोलणे वाटले होते.

वीसबाडेनहून निघायच्या आदल्या दिवशी मी न्हाणीघर आवरत होते. जुना साबण झिजून कागदासारखा पातळ झाला होता. नवी वडी फोडली, दोन्ही ओल्या केल्या आणि जुनी नवीच्या पाठीवर दाबून बसवली, आई करायची तशी. रात्रभर ठेवली की एकजीव होते. तेवढ्यात भाऊ दात घासायला आला. त्याने वडी उचलली, अंगठ्याने जोडाची कड चाचपली आणि काही न बोलता तशीच पुन्हा ठेवली. मागून भाची डोकावली. "झाइफ चिकटवली?" तिने विचारले. मग मराठीत, माझ्यासाठी, ण वर चांगला जोर देऊन पुन्हा म्हणाली, "साबण."